भीड

कर्जाच्या अर्जात ‘परतफेडीची क्षमता’ असा एक रकाना असतो. महिन्याचं उत्पन्न किती, घरखर्च किती, आधीचे हप्ते किती आणि सगळं जाऊन हातात काय उरतं, ते तिथे लिहायचं असतं. मी पतसंस्थेच्या कर्जसमितीवर आले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे एक अर्ज आला, त्यात हा रकाना कोरा होता. अर्जदार आमच्या एका ज्येष्ठ संचालकांचा पुतण्या. हे संचालक म्हणजे सुरुवातीच्या काळात दारोदार फिरून भागभांडवल गोळा करणारे, स्वतःच्या घरातलं टेबल उचलून कार्यालयात आणून ठेवणारे. त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो होतो आणि ते माझ्या अगदी समोर होते.

मी रकान्यावर बोट ठेवलं आणि सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी खाली पाहिलं. शेजारच्या सदस्यांनी फाइल स्वतःकडे ओढून घेतली, शेऱ्यात ‘अर्जदार परिचित’ असं लिहिलं आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवली. मी सही केली. पुढचा अर्ज समोर आला.

त्या संचालकांनी कोणावर दबाव आणला नव्हता, हे मला आजही ठामपणे सांगायचं आहे. त्यांनी शब्दसुद्धा टाकला नव्हता. कोणी पैसे खाल्ले नाहीत, संस्था बुडावी असं कोणाच्या मनात नव्हतं. आम्ही पाचही जण सरळमार्गी म्हणून ओळखले जाणारे. तरी त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्यांच्या ठेवींतला पैसा काही न विचारता देऊन टाकला, आणि त्याचं कारण एवढंच की विचारायची भीड वाटली.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण लहानपणापासून कानावर होती. भिडेपायी माणूस नको तिथे हो म्हणतो आणि स्वतः भिकेला लागतो, असा तिचा अर्थ मी धरून चालले होते. पतसंस्थेत भीड एकाची असते आणि भीक दुसऱ्याच्या वाट्याला येते, हे कळायला ते कर्ज थकावं लागलं.

व्यवसायनीतीवर जी शिबिरं होतात, त्यांत लोभावर पुष्कळ बोललं जातं. अफरातफर, बनावट कागदपत्रं, दुसऱ्याच्या नावावर उचललेली कर्जं. हे सगळं घडतं आणि त्याने संस्था बुडतातही. पण मला इतक्या वर्षांत लोभी माणसं थोडी भेटली. भिडस्त माणसं पावलोपावली भेटली, आणि त्यांतली एक मी स्वतः होते. लोभी माणसाला आपण चुकतोय हे निदान ठाऊक असतं. भिडस्त माणसाला आपण चांगुलपणाने वागतोय असं वाटत असतं, म्हणून त्याला थांबवणं जास्त कठीण.

पतसंस्था ओळखीवरच उभी राहिली आहे, त्यामुळे हा पेच तिच्या जन्मापासूनचा आहे. जर्मनीतल्या वायरबुश या खेड्यांच्या भागात फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन महापौर होते. १८४६-४७च्या हिवाळ्यात पीक बुडालं, लोकांची उपासमार सुरू झाली. त्यांनी सधन लोकांकडून पैसे उभे केले, पावाची भट्टी बांधली, गरजूंना उधारीवर पाव मिळेल अशी सोय केली. पुढची कित्येक वर्षं ते अशाच मदतसंस्था काढत राहिले आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात येत गेली. देणाऱ्याचा उत्साह ओसरतो. घेणारा कायम घेणाराच राहतो. म्हणून १८६४ साली हेडेस्डॉर्फला त्यांनी जी कर्जसंस्था उभी केली, तिचा पाया दानाचा नव्हता. कर्ज घेणारा सभासद, हमी देणारा सभासद, कारभार पाहणाराही सभासद. कारभाऱ्यांना पगार नाही. संस्थेचं क्षेत्र एवढं लहान की कोणाचं शेत कसं आहे आणि कोण व्यसनात पैसा घालवतो, हे सगळ्यांना माहीत.

आणि जबाबदारी अमर्याद. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत येणेकऱ्यांचा हात पोचणार. ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला क्रूर वाटली होती. नंतर त्या कोऱ्या रकान्याची आठवण झाली आणि तिचं शहाणपण लक्षात आलं. ज्याचं स्वतःचं छप्पर पणाला लागलंय तो शेजाऱ्याला विचारायला भीड बाळगत नाही. ‘बाबा रे, हे पैसे कशाला हवेत आणि फेडणार कसे?’ असा प्रश्न तिथे सहज येत असणार, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात अपमान वाटत नसणार. पुढे मर्यादित जबाबदारी आली. ती यायलाच हवी होती, एकाच्या चुकीने शंभर घरं उघड्यावर येऊ नयेत. पण त्यासोबत त्या प्रश्नाची धार गेली. आज आमच्यासारख्याच्या सहीने कर्ज बुडालं तर माझ्या घराची एक वीटही सहसा हलत नाही. मग जो प्रश्न पूर्वी धास्तीने विचारला जायचा, तो आता कशाच्या बळावर विचारायचा? मला वाटतं, पतसंस्थेतली नीती म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधत राहणं.

ओळख दोन प्रकारची असते. ‘हा माणूस कसा कमावतो, कसा वागतो, अडचणीत काय करतो, हे मला ठाऊक आहे’ ही एक. ‘हा आपला आहे’ ही दुसरी. पतसंस्था पहिल्या ओळखीवर चालते. मोठ्या बँकेला जे कागदावर दिसत नाही ते आम्हाला डोळ्यांना दिसतं, तीच आमची खरी पुंजी. पण पहिली ओळख कधी दुसरीत मिसळून जाते, ते बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘अर्जदार परिचित’ हे दोन शब्द दोन्ही अर्थांनी वाचता येतात. आम्ही ते पहिल्या अर्थाने लिहिले आणि दुसऱ्या अर्थाने वापरले.

त्या कर्जाचे हप्ते सात महिने आले, मग थांबले. पुतण्याचा धंदा बसला होता. जामीनदार दोन होते. त्यांतले एक त्याच्याकडेच कामाला असलेले, पन्नाशी उलटलेले; त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांची एक मुदत ठेव आमच्याकडे होती. करारात लिहिल्याप्रमाणे नोटिसा गेल्या, मुदत संपली आणि ती ठेव थकबाकीत वळती झाली. सगळं नियमाने झालं.

काका कार्यालयात आले त्या दिवशी मी काउंटरच्या आत होते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं, घडी पडलेली ठेवपावती काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवून हाताने सपाट केलं. ते रागावले नव्हते. म्हणाले, “मालक म्हणाले सही कर, मी केली. त्यांना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. पण ताई, तुम्ही तरी विचारायचं होतंत.”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ठेवपावतीच्या घडीवरची शाई पुसट झाली होती आणि रक्कम अक्षरी लिहिलेली ओळ नेमकी त्या घडीवर आली होती, एवढं आठवतं.

त्यानंतरच्या बैठकीत मी त्या फाइलवर बोलायचं ठरवून गेले. घसा कोरडा पडला होता, कारण ज्येष्ठ संचालक नेहमीच्या जागी बसले होते. मी म्हटलं, रकाना कोरा होता आणि मी सही केली, ही माझी चूक. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी मला बाहेर जायला सांगितलं असतं तर मी गेलो असतो. कोणी सांगितलंच नाही.” ते खरं होतं. त्यांनी आमच्यावर लादलेलं काहीच नव्हतं. सगळं ओझं आमचं आम्हीच उचललेलं.

तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या नात्यातला, भागीदारीतला किंवा देण्याघेण्यातला अर्ज असेल तो सदस्य उठून बाहेर जातो. नुसतं ‘चर्चेत भाग घेतला नाही’ असं इतिवृत्तात लिहून भागत नाही, खुर्ची रिकामी व्हावी लागते. किती वाजता बाहेर गेले, किती वाजता आत आले, हे लिहिलं जातं. सुरुवातीला सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. ज्येष्ठ संचालक स्वतःहून पहिल्यांदा उठले तेव्हा दोघेजण त्यांना ‘राहू द्या, बसा’ म्हणाले. ते थांबले नाहीत. रिकाम्या खुर्चीसमोर प्रश्न विचारणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी समजलं. माणूस तोच, समिती तीच, फक्त डोळ्याला डोळा भिडत नव्हता.

नीतीचा विचार करताना आपण मन घट्ट करण्याच्या गोष्टी बोलतो. सच्चेपणा अंगी बाणवा, धैर्य दाखवा. मला ते आता अर्धवट वाटतं. महिन्याला चाळीस अर्ज हातावेगळे करणाऱ्या माणसाने चाळीस वेळा धैर्य दाखवावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. धैर्य कमी लागेल अशी रचना करणं हे जास्त माणुसकीचं काम आहे.

जामीनदाराचंही तसंच. पूर्वी कर्जदार आणि त्याचे दोन जामीनदार एकत्र यायचे, एकत्र बसायचे, फुली मारलेल्या जागी सह्या करून जायचे. आता जामीनदाराला वेगळ्या खोलीत बसवतो, कर्जदार बाहेर. करार मोठ्याने वाचून दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो: यांनी नाही भरलं तर हे पैसे तुम्ही भराल का, आणि कुठून? पहिल्या काही महिन्यांत बरेच जामीनदार मागे फिरले. त्यांना कर्जदाराला काय सांगायचं याची चिंता असायची, तेव्हा आमचे सचिव म्हणायचे, ‘कागदपत्रं नियमात बसत नाहीत, असं संस्थेने सांगितलं म्हणा.’ यात थोडं खोटं आहे, असा आक्षेप एका सदस्यांनी घेतला आणि तो मला पटला. मग आम्ही शब्द बदलले. आता आम्हीच कर्जदाराला सांगतो की हे जामीनदार संस्थेने स्वीकारले नाहीत. का, ते सांगण्याचं बंधन आमच्यावर नाही. वाईटपणा संस्थेने घ्यायचा. संस्थेला चेहरा नसतो, तिला तो झेपतो.

व्याजाबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण तिथे कोणाची भीड नसते आणि तरी गोष्ट लपून राहते. ‘बारा टक्के’ म्हटलं की सभासद मान हलवतो. पण बारा टक्के कशावर? एक लाखाचं कर्ज, एक वर्षाची मुदत, बारा सारखे हप्ते. व्याज जर सगळा काळ मूळ लाखावरच धरलं तर वर्षाचं व्याज १२,०००. आणि दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच धरलं, तर सुमारे ६,६२०. दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. पहिल्या पद्धतीचे बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे साडेएकवीस टक्के होतात. दोन्ही संस्थांच्या फलकावर ‘१२’च लिहिलेलं असेल आणि दोन्हीही खोटं बोलत नसतील. माझ्या मते जी पतसंस्था पहिली पद्धत वापरून फक्त ‘बारा’ सांगते, ती सभासदाला फसवते. कारण तो सभासद म्हणजे तिचा मालक आहे आणि मालकाला त्याच्याच दुकानात न समजणारी किंमत लावणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. आम्ही मंजुरीपत्रावर दर छापतोच, पण त्याखाली ‘तुम्ही एकूण किती जास्त भराल’ ही रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो. ती वाचून काही जण कर्जाची रक्कम कमी करून घेतात. आमचं उत्पन्न तेवढं घटतं. घटू द्यावं.

यावरून आठवलं. ज्यांना आपण आधुनिक सहकाराचे मूळपुरुष मानतो, त्या इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपलं दुकान काढलं तेव्हा उधारी बंद ठेवली होती. रोख द्या, माल न्या. माल शुद्ध, माप पुरं. दुकानदाराच्या उधारीत कामगारांची घरं कशी अडकतात हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे सहकाराच्या त्या शाखेने सुरुवातीला कर्जालाच हात जोडले होते. कर्ज देणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं. आपण जी वस्तू देतो ती औषधासारखी आहे, मात्रा चुकली की तीच बाधते.

आता वर्षअखेर. जे लोक पतसंस्थेत काम करतात त्यांना ‘नवं-जुनं’ हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कर्ज थकलंय, हप्ते येत नाहीत आणि ताळेबंदाची तारीख जवळ आलीय. अशा वेळी त्याच कर्जदाराला नवं कर्ज मंजूर करायचं, त्या रकमेतून जुनं कर्ज व्याजासकट भरून घ्यायचं. तिजोरीतली एक नोटही हलत नाही. कागदावर मात्र थकबाकी नाहीशी, नवं कर्ज नियमित आणि व्याज वसूल. ते व्याज नफ्यात दिसतं, नफ्यातून लाभांश जाहीर होतो, सभेत टाळ्या पडतात. सगळे खूश. कर्जदाराची तात्पुरती सुटका, वसुली अधिकाऱ्याचं उद्दिष्ट पूर्ण, संचालकांची शान राखली गेली. फक्त लाभांशाचे पैसे खरोखरीचे असतात. ते आलेच नव्हते, तरी सभासदाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे ते कोणाच्या तरी ठेवीतूनच गेलेले असतात.

आमच्याकडे हे कित्येक वर्षं चाललं. मी समितीवर असतानाही दोन वर्षं चाललं. ते थांबवायचं ठरलं तेव्हा खरा आकडा बाहेर आला. बुडीत आणि संशयित कर्जांसाठी तरतूद केल्यावर नफा उरलाच नाही. लाभांश शून्य.

सभेच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. अहवाल वाचून झाला, ‘लाभांश देता येत नाही’ हे वाक्य आलं आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. त्यांचा प्रश्न सगळ्यांत अचूक होता. “यंदा नफा नाही, ठीक. पण कर्जं काही यंदाच थकली नसतील. मग गेल्या वर्षी लाभांश कुठून दिला होता?”

अध्यक्षांनी लेखापालांकडे पाहिलं, लेखापालांनी कागद चाळायला सुरुवात केली. मी माइक घेतला आणि म्हटलं, “तुमच्याच ठेवींतून.”

गोंधळ झाला, काही जणांनी राजीनामे मागितले, आणि तो त्यांचा हक्क होता. पुढच्या आठवड्यात ठेवी काढायला लोक आले. आम्ही कर्मचाऱ्यांना एवढंच सांगितलं होतं की कोणालाही थांबवायचं नाही, समजूत घालत बसायचं नाही, नियमात असेल ते त्याच दिवशी हातात द्यायचं. त्यासाठी तीन महिने आधीपासून नवी मोठी कर्जं बंद ठेवून रोकड हाताशी राखली होती. शुल्झ-डेलिच यांनी १८५०मध्ये जर्मनीतच शहरी कारागिरांसाठी कर्जसंस्था काढली होती. रायफायझन यांच्याशी पुढे त्यांचा जो मोठा वाद झाला, त्यात एक मुद्दा हाच होता: लोक कधीही परत मागू शकतील असा पैसा दीर्घ मुदतीच्या कर्जात अडकवावा का? त्या आठवड्यात काउंटरपुढची रांग पाहताना मला शुल्झ यांचं म्हणणं पोटातून कळलं. गेलेल्या ठेवींपैकी बऱ्याच परत आल्या. सगळ्या आल्या नाहीत.

ज्यांची ठेव वळती झाली होती ते काका त्या सभेला आले होते. शेवटपर्यंत बसून होते, बोलले काहीच नाहीत. सभासदत्व त्यांनी सोडलेलं नाही.

१९९५ साली मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने सहकाराची ओळख सांगणारं निवेदन स्वीकारलं. त्यात सहकारी माणसाने पाळायची नैतिक मूल्यं दिली आहेत: प्रामाणिकपणा, खुलेपणा, सामाजिक जबाबदारी आणि इतरांविषयी आस्था. आमच्या कार्यालयात ही चौकटीत लावलेली आहेत. पहिल्या दोन मूल्यांना शिस्तीने गाठता येतं, हे मला त्या सभेने शिकवलं. चौथं मात्र अजून हाती लागलेलं नाही. आस्था आणि भीड दिसायला इतक्या सारख्या असतात की भीड खरवडून काढताना आस्थाही निघून आली तर कळत नाही.

वसुलीत हे रोज समोर येतं. फेडू न शकणारा आणि फेडायचं नाही म्हणून न फेडणारा, दोघांच्याही खात्यावर तेवढीच थकबाकी दिसते. पहिला हप्ता चुकला की आठ दिवसांत एकाने शांतपणे फोन करायचा आणि ‘काय झालं?’ एवढंच विचारायचं, असं आम्ही ठरवलं. तीन महिने वाट पाहून मग चौघांनी दारात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, ही पद्धत बंद केली. आजारपण असेल, काम सुटलं असेल तर हप्ते लांबवून देतो, पण ते उघडपणे, समितीच्या ठरावाने, ‘अडचणीमुळे मुदत वाढवली’ असं लिहून. नवं-जुनं करून लपवण्यात आणि मुदत वाढवून देण्यात कर्जदाराच्या दृष्टीने फारसा फरक नसेल. ठेवीदाराच्या दृष्टीने सगळाच फरक आहे.

आणि एक गोष्ट अशी की तिचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. एक बाई कपडे शिवण्याचं काम करायच्या. दुसरं यंत्र घ्यायचं होतं. रक्कम लहान. दोन जामीनदार आणले, दोघी त्यांच्याच गल्लीतल्या. आम्ही नव्या नियमाने दोघींना वेगवेगळं बसवलं, करार वाचून दाखवला, प्रश्न विचारला. दोघी मागे फिरल्या. त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांच्याकडे खरोखरच पैसे नव्हते. परतफेडीच्या रकान्यात उरणारी रक्कमही हप्त्यापेक्षा थोडीशीच जास्त होती. अर्ज नामंजूर झाला. समितीत कोणाचाही आवाज चढला नाही, कोणाचीही भीड आड आली नाही. अगदी व्हायला हवं तसं झालं. महिन्याभराने कळलं की त्यांनी सावकाराकडून पैसे घेतले.

मला त्या रात्री डोरिमेन देजार्दां आठवल्या. कॅनडातल्या लेवी गावात त्यांचे पती आल्फोन्स यांनी १९००च्या डिसेंबरमध्ये लोकांची पतपेढी स्थापन केली. ते संसदेत भाषणं टिपून घेण्याचं काम करायचे. सावकारीच्या व्याजाबद्दलचं एक भाषण १८९७ साली त्यांच्या कानावर पडलं आणि त्यातून हा ध्यास लागला. १९०१च्या जानेवारीत पहिल्या दिवशी जमा झाले २६ डॉलर ४० सेंट, आणि पहिली ठेव होती १० सेंटची. कार्यालय बराच काळ त्यांच्या घरातच होतं. आल्फोन्स संसदेच्या कामासाठी ओटावाला असायचे तेव्हा कारभार डोरिमेन सांभाळायच्या. त्या प्रांतात अशा संस्थांसाठी कायदा झाला तो १९०६मध्ये. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पैसा, ना कायद्याचं पाठबळ, ना कोणाची हमी, आणि घरी ही बाई. १० सेंट घेऊन आलेल्या माणसाची नोंद करताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. सावकाराच्या दारी जाणारा माणूस आपल्या दारी यावा, यासाठीच तर हे सगळं उभं केलं होतं. आणि आमच्या दारातून एक बाई सावकाराकडे गेल्या होत्या.

मी समितीत विषय काढला. नियम सैल करायचा का? जामीनदाराला न विचारता सही घ्यायची का? पासबुक सपाट करणारे ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते, त्यामुळे ते शक्यच नव्हतं. दोन बैठका वाद झाला. शेवटी एक लहान रकमेचं कर्ज ठरलं, ज्याला जामीनदार लागत नाही. सहा महिने दर महिन्याला ठरलेली बचत खात्यात भरायची, एकही खाडा न करता. ती बचत पुढच्या हप्त्याएवढी हवी. सहा महिने जो तेवढी रक्कम बाजूला काढू शकतो, तो पुढेही काढू शकेल, एवढाच त्यामागचा हिशोब. एका सदस्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, गरज आज आहे आणि तुम्ही सहा महिन्यांनी या म्हणता. त्यांचं बरोबरच होतं. इतिवृत्तात त्यांचा विरोध नावासकट लिहिला आहे.

त्या बाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, ऐकून घेतलं, काही न बोलता गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या खात्यात बचत जमा झाली. सावकाराचं व्याज भरून वर ही रक्कम त्या कशी काढत होत्या, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. एका महिन्याला शेवटच्या दिवशी, काउंटर बंद व्हायच्या वेळेला त्यांचा मुलगा धावत आला होता, सुट्टे पैसे मुठीत घेऊन.

गेल्या बैठकीत त्यांचा अर्ज पुन्हा आला. ज्येष्ठ संचालकांचं टेबल तेच आहे, ते स्वतः आता येत नाहीत. सचिवांनी फाइल उघडली, परतफेडीचा रकाना भरलेला होता. जामीनदारांच्या दोन ओळींवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि पेन तसंच धरून विचारलं, “तारणाच्या जागी काय लिहू?”

मी बाईंचं पासबुक मागून घेतलं. सहा नोंदी होत्या, सहावी कालची. मी त्या तारखा एकेक करून वाचल्या आणि सचिव लिहीत गेले.